पॅनेल कधी येणार? आयातबंधनांच्या काळात छोट्या सोलार इन्स्टॉलरने माल, भाव आणि तारीख कशी सांभाळावी

बडोद्यात सोलारचं काम करणाऱ्या छोट्या माणसाचा धंदा साधारण असा चालतो: महिन्याला पाच-सात घरं, मधूनच एखादं दुकान किंवा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली शेड, दोन फिटर, एक वायरमन. माल काम ठरल्यावर उचलायचा, कारण गोदामात पॅनेल रचून ठेवण्याइतका पैसा कुणाकडे नसतो. त्यामुळे ग्राहकाशी भाव आज ठरतो आणि खरेदी वीस-पंचवीस दिवसांनी होते. आयातशुल्क, सरकारच्या मंजूर याद्या, अँटी-डंपिंग (परदेशी माल पडेल भावात येऊ नये म्हणून लावलेलं जादा शुल्क) हे सगळं नेमकं या मधल्या दिवसांत अंगावर येतं. मोठ्या कंपन्यांचे कारखान्यांशी वर्षभराचे करार असतात. आपल्याकडे डीलरचा व्हॉट्सअॅप मेसेज असतो, 'रेट आज संध्याकाळपर्यंतच'.

माझ्या पाहण्यात छोट्या इन्स्टॉलरला खरा फटका दोन ठिकाणी बसतो. एक, ज्या कामाला जे पॅनेल चालत नाही तेच कबूल केलेलं असतं. दोन, हातात नसलेल्या मालाची तारीख दिलेली असते. भाववाढ त्यानंतरची गोष्ट. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

अडतं नेमकं कुठे

पॅनेल म्हणजे सेल (उन्हापासून प्रत्यक्ष वीज करणारा तुकडा), काच, ईव्हीएची फिल्म, बॅकशीट, अॅल्युमिनियमची चौकट आणि मागचा जंक्शन बॉक्स. हे सगळं जोडायचं काम भारतात भरपूर होतं, आणि चिखलीपासून मुंद्र्यापर्यंत गुजरात त्यात पुढे आहे. अडचण सेलची. ऑगस्ट २०२५ मध्ये एएलएमएम या केंद्राच्या मंजूर यादीतली पॅनेल बनवण्याची क्षमता १०० गिगावॉटच्या वर गेली. त्याच सुमारास, जुलै २०२५ च्या अखेरीस, सेलची पहिली मंजूर यादी आली, त्यात क्षमता होती साधारण १३ गिगावॉट. डीलर 'डीसीआर माल (म्हणजे भारतीय सेलचं भारतीय पॅनेल) नाही, पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतो, त्यामागे ही दरी आहे. आणि भारतीय सेल ज्या वेफरपासून (सिलिकॉनच्या पातळ चकतीपासून) बनते ती वेफर आजही मुख्यतः चीनमधूनच येते, म्हणजे 'देशी' पॅनेलही तिकडच्या निर्णयांपासून पूर्ण सुटलेलं नाही. डिसेंबर २०२४ पासून चीनने सोलारच्या निर्यातीवरचा कर-परतावा १३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणला, त्याचा भार इथल्या खरेदीदरात उतरणारच होता.

शुल्काचा इतिहास थोडक्यात. जुलै २०१८ मध्ये २५ टक्के सेफगार्ड ड्युटी (देशी उत्पादकांच्या बचावासाठी तात्पुरतं आयातशुल्क) लागली, ती उतरत उतरत जुलै २०२१ मध्ये संपली. १ एप्रिल २०२२ पासून मूळ सीमाशुल्क आलं: पॅनेलवर ४० टक्के, सेलवर २५ टक्के. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन्हींवरचं मूळ शुल्क २० टक्के झालं, पण त्यावर कृषी पायाभूत सुविधा उपकर चढला, पॅनेलवर २० आणि सेलवर साडेसात टक्के. बेरीज पॅनेलवर पुन्हा ४० आणि सेलवर साडेसत्तावीस. 'सोलारवरचं शुल्क निम्मं' असा मथळा वाचून एखादे काका भाव पाडायला आले, तर त्यांना ही बेरीज कागदावर करून दाखवावी. शब्दांनी पटत नाही. याखेरीज पॅनेलच्या काचेवर आणि चौकटीवर वेगळी अँटी-डंपिंग ड्युटी आहे, ती पॅनेल बनवणारा भरतो आणि आपल्या भावात घालतो.

पहिली पायरी: काम कोणत्या खान्यात बसतं ते ठरवा

भेटीला गेल्यावर गच्ची मोजण्याआधी हा प्रश्न सोडवायचा. बाजारात तीन जातींचं पॅनेल असतं.

डीसीआर: सेलही भारतीय, पॅनेलही भारतीय. घरगुती ग्राहकाला पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी हवी असेल तर दुसरं काही चालत नाही. ही सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. चुकीच्या पॅनेलमुळे ही रक्कम अडकली तर ग्राहक ती तुमच्याकडेच मागणार.

एएलएमएममधलं पण डीसीआर नसलेलं: भारतात जोडलेलं, सेल बाहेरची. सबसिडी नको आहे पण नेट मीटर (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करणारं मीटर) हवं आहे, अशा दुकानांना आणि शेडना आजवर हे चालत आलं.

तिसरं, यादीत नसलेलं, बहुधा थेट आयात. नेट मीटरच्या कामात याला जागा नाही. स्वस्त दिसतं म्हणून हात लावू नये.

'मेड इन इंडिया' शिक्का पाहून डीसीआर समजणं ही या धंद्यातली सगळ्यात महाग गैरसमजूत आहे. दुसऱ्या जातीचं पॅनेलही 'मेड इन इंडिया' असतंच. शिवाय डीसीआरचा नियम असा आहे की सेलमधली डिफ्यूजनची प्रक्रिया (वेफरला वीज करण्याजोगी बनवणारी पायरी) भारतातच झालेली हवी. बाहेरून डिफ्यूज होऊन आलेली 'ब्लू वेफर' आणून इथे पुढचं काम केलं तर ती सेल भारतीय धरली जात नाही.

आता लक्षात ठेवायची तारीख. डिसेंबर २०२४ च्या आदेशानुसार १ जून २०२६ पासून एएलएमएमच्या पॅनेलमधली सेलही मंजूर सेल-यादीतली हवी, आणि त्यात नेट मीटरची कामं आली. म्हणजे दुकानाचा आणि शेडचा ग्राहकही त्याच तुटपुंज्या भारतीय सेलच्या रांगेत येऊन उभा राहतो. व्यापारी कामाचा भाव काढताना जुन्या कामाची एक्सेल शीट उघडून फक्त नाव बदलायची सवय असेल, तर ती मोडा.

दुसरी पायरी: टोकन देण्याआधी कागद तपासा

डीलर कंपनीचं नाव सांगतो. यादी मात्र मॉडेलनुसार असते. त्याच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं, दुसरं नसतं, तिसऱ्याची मुदत संपलेली असते. म्हणून नव्या आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून ताजी यादी उतरवून त्यात पूर्ण मॉडेल क्रमांक, वॉटेज आणि मुदतीची तारीख बघायची. डीलरने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका, ती कधीची आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

डीसीआर माल घेताना पॅलेटवरच्या सीरियल नंबरांचा फोटो आधी मागवा आणि ते नंबर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर पडताळा. हे पैसे देण्याआधी करायचं. योजनेच्या पोर्टलवर काम चढवताना हेच नंबर लागतात, आणि तिथे नंबर अडकला तर गच्चीवर बसवलेलं पॅनेल उतरवावं लागतं. नियमित देवघेव असलेला डीलर फोटो देतो. टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊ नये, मग भाव वॉटमागे पन्नास पैशांनी कमी का असेना.

बिलावर मॉडेल, वॉटेज, नग आणि एचएसएन कोड ८५४१४३०० आहे ना ते पाहा. 'सोलर पॅनेल, ६ नग' एवढंच लिहिलेलं बिल पुढे वॉरंटीच्या वेळी काही कामाचं नसतं.

बडोद्यातल्या बऱ्याच छोट्या मंडळींचं स्वतःचं एम्पॅनलमेंट (योजनेतली वेंडर म्हणून नोंदणी) नसतं, दुसऱ्या वेंडरच्या नावाखाली काम चालतं. तिथे पॅनेल कोण विकत घेणार आणि सीरियल नंबर कोण तपासणार हे लेखी ठरवा. दोघंही 'तो बघेल' म्हणत राहतात.

तिसरी पायरी: तारखांची वही

या धंद्यातली टंचाई बहुतेक वेळा तारीख सांगून येते. सेफगार्ड ड्युटी संपल्यापासून १ एप्रिल २०२२ पर्यंत आठ महिने शुल्काविना गेले. आयातदारांनी त्या मुदतीत माल भरून घेतला. एएलएमएमचा पहिला आदेश जानेवारी २०१९ चा, पहिली यादी मार्च २०२१ ची, मग २०२३-२४ हे वर्ष नियम स्थगित, आणि १ एप्रिल २०२४ ला पुन्हा लागू. प्रत्येक वळणाआधी मोठे खरेदीदार साठा करतात आणि वळणानंतर छोट्याच्या वाट्याला उरलेलं येतं.

अमेरिकेवरही लक्ष ठेवावं लागतं, हे बडोद्यातल्या गच्चीवर उभं राहून विचित्र वाटतं खरं. आपले मोठे पॅनेल उत्पादक तिकडे बराच माल पाठवत आले आहेत. तिकडे उठाव असला की इथल्या डीलरला माल उशिरा मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तशा वेळी निर्यातीचा माल देशी बाजाराकडे वळू लागतो.

वहीत एवढं लिहा: १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प, ३१ मार्च, १ एप्रिल, १ जून २०२६, आणि एएलएमएमची कुठलीही नवी अधिसूचना. यात आपली बडोद्याची भर घाला. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीला गच्ची पतंगवाल्यांची, त्या आठवड्यात काम धरू नये. मार्चमध्ये कारखानदारांना वर्ष संपायच्या आत घसाऱ्याची करसवलत हवी असते, म्हणून शेडची कामं एकदम येतात आणि माल त्यांच्याकडे ओढला जातो. वळणाच्या तारखेच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांत नवीन काम घेताना भावाची मुदत सात दिवसांवर आणा.

चौथी पायरी: डीलरशी व्यवहार

एकाच शेठवर विसंबून राहू नये, पण दहा जणांकडे भाव विचारत फिरणाऱ्याला कुणीच माल राखून ठेवत नाही. दोन नियमित डीलर आणि तिसरा सुरतेचा किंवा अहमदाबादचा, एवढं पुरे. भाव विचारताना प्रति वॉट दर, जीएसटी, गाडीभाडं आणि उतराई वेगवेगळी विचारा.

महत्त्वाचा प्रश्न हा: माल गोदामात आहे की 'येतोय'? 'येतोय' म्हणजे कारखान्याच्या रांगेत असू शकतो, गाडीत असू शकतो, किंवा शेठच्या मनात. गोदामातल्या मालाला थोडा जास्त दर द्यावा लागला तरी सबसिडीच्या कामात तो परवडतो. प्रोफॉर्मा बिलावर मॉडेल क्रमांक, उचलण्याची तारीख आणि 'तेवढ्यात न दिल्यास आगाऊ रक्कम परत' ही ओळ लिहून घ्या. शेठ हसेल, पण लिहील.

दोन-तीन छोट्या इन्स्टॉलरनी मिळून एक पूर्ण पॅलेट उचलणं हा मला सगळ्यात व्यवहारी उपाय वाटतो. पॅलेटमध्ये बहुधा ३१ किंवा ३६ पॅनेल येतात, म्हणजे सहा पॅनेलची पाच-सहा घरं. एकट्याला हे जड जातं, तिघांत नाही. बिलं मात्र ज्याच्या त्याच्या नावाने घ्या.

पाचवी पायरी: कोटेशन असं लिहा

इथे जरा थांबायला हवं, कारण भांडणं इथूनच सुरू होतात.

५४० वॉटची सहा पॅनेल म्हणजे ३,२४० वॉट. दर वॉटला एक रुपया वाढला की ३,२४० रुपये गेले. समजा या कामात तुम्हाला दहा हजार सुटणार होते. दर तीन रुपयांनी वाढला तर ९,७२० रुपये त्यातच संपतात आणि तुम्ही महिनाभर फुकट राबता.

'शुल्क वाढलं, आता मी काय करू' असं म्हणून करारातून सुटता येईल, या भरवशावर राहू नका. आपल्या गुजरातचंच उदाहरण आहे. मुंद्र्याचे मोठे औष्णिक प्रकल्प इंडोनेशियाच्या कोळशावर चालणार होते. तिथल्या सरकारने निर्यातीच्या कोळशाचे नियम बदलले, कोळसा महागला आणि कंपन्यांनी विजेचा दर वाढवून मागितला. ११ एप्रिल २०१७ रोजी एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माल महागला एवढ्यावरून करार पाळणं अशक्य झालं असं होत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे मिळालं नाही ते तुम्हाआम्हाला मिळणार नाही.

माल विक्री कायदा १९३० च्या कलम ६४अ मध्ये थोडी सोय आहे. करार झाल्यावर मालावरचं सीमाशुल्क किंवा विक्रीवरचा कर बदलला, तर वाढ मागता येते आणि घट द्यावी लागते, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. पण टंचाईमुळे डीलरने वाढवलेला दर त्यात बसत नाही, यादीतून मॉडेल गेलं तर तेही बसत नाही, आणि बसवून देण्याचं काम ही निव्वळ मालाची विक्री आहे का यावर वाद घालता येतो. म्हणून आपलं आपण लिहावं. माझ्या मते मजकूर असा असावा:

'वरील भाव ___ तारखेपर्यंत पॅनेलची रक्कम जमा झाल्यास कायम राहील. त्यानंतर पॅनेलचा खरेदीदर प्रति वॉट ___ रुपयांपेक्षा वाढल्यास फक्त तेवढा फरक डीलरचं बिल दाखवून घेतला जाईल, आणि दर कमी झाल्यास तेवढा फरक ग्राहकाला परत दिला जाईल. फरक प्रति वॉट २ रुपयांहून जास्त झाल्यास ग्राहकाला काम रद्द करून पॅनेलसाठी भरलेली रक्कम परत घेता येईल.'

यात 'कमी झाल्यास परत' हे शब्द ठेवाच. दांडिया बाजारातल्या निवृत्त काकांना डीलरचं बिल दाखवायची तयारी असली की ते सहसा घासाघीस करत नाहीत. एकतर्फी अट मात्र त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पोर्टलवर वेंडर आणि ग्राहकाचा जो करार चढतो, त्यातली रक्कम आणि कोटेशनमधली अट एकमेकींना छेद देणार नाहीत हे बघा.

जीएसटी वेगळा लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलारच्या उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पूर्ण कामाचे ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरली जाते, त्या हिशेबाने एकूण भार १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. कर धरून एकच गोल आकडा दिलेल्या कोटेशनांवर अशा वेळी वाद होतात.

पॅनेलच्या रकान्यात एकच मॉडेल लिहू नका. 'अमुक मॉडेल, किंवा त्याच जातीचं, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचं, मंजूर यादीतलं दुसरं' असं लिहा आणि पर्यायी कंपन्यांची दोन नावं तिथेच द्या. ग्राहकाने जाहिरातीतलं ठराविक नावच धरून ठेवलं, तर तारीख देऊ नका.

सहावी पायरी: आराखडा असा की दुसरं पॅनेलही बसेल

पर्यायी पॅनेल लिहून चालत नाही, ते गच्चीवर बसलं पाहिजे. बाजारातली ५४० ते ५८० वॉटची बरीच पॅनेल २२७८ बाय ११३४ मिलिमीटरची असतात. नवी सहाशेच्या वरची अनेक पॅनेल रुंदीला तीच, पण लांबीला २३८२ मिलिमीटर. दहा सेंटिमीटरचा हा फरक स्ट्रक्चर वेल्ड होऊन आल्यावर कळला, तर मकरपुऱ्याच्या फॅब्रिकेटरकडे आणखी एक फेरी आणि गॅल्वनायझिंग खराब. पर्लिनला (पॅनेल ज्यावर बसतं त्या आडव्या पट्टीला) गोल भोकांऐवजी लांबट खाचा घ्या. चौकटीच्या भोकांतून बोल्ट घालण्यापेक्षा क्लॅम्प वापरा. चौकट कधी ३० मिलिमीटरची येते, कधी ३५ ची, म्हणून दोन्ही मापांचे एंड क्लॅम्प पेटीत असू द्या. बाजूच्या भिंतीपासून थोडी जास्त जागा सोडा.

वीजेच्या बाजूने आकडा बघायचा तो करंटचा. ५४० वॉटचं पॅनेल साधारण १३ अँपिअर देतं, नव्या मोठ्या सेलची पॅनेल १५ च्या आसपास. इन्व्हर्टरच्या एका एमपीपीटीची (पॅनेलची वीज आत घेणाऱ्या भागाची) मर्यादा साडेबारा-तेराची असेल, तर पॅनेल जास्त देईल आणि इन्व्हर्टर घेणार नाही. १६ अँपिअर किंवा वरचा इन्व्हर्टर घेतलात तर पुढे यातलं कुठलंही पॅनेल आलं तरी चालतं. मोठ्या वॉटची पाच पॅनेल बसवून सहांचं काम भागवायचं असेल, तर स्ट्रिंगचा (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचा) व्होल्टेज इन्व्हर्टरच्या खालच्या मर्यादेच्या वर राहतो ना हेही मोजा. एका स्ट्रिंगमध्ये दोन वॉटेज मिसळू नका, सगळ्यांचा करंट सगळ्यात कमी पॅनेलवर येऊन थांबतो. चार एक आणि दोन दुसरी अशी अर्धवट खरेदी झालीच, तर उरलेल्यांची वाट बघणं बरं.

इन्व्हर्टरबद्दल एवढंच: तोही बराचसा बाहेरच्या सुट्या भागांवर चालतो, म्हणून बीआयएस नोंदणी पाहून घ्या आणि बडोद्यात किंवा निदान अहमदाबादेत सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारा. केबल, एसीडीबी आणि डीसीडीबी (एसी आणि डीसी बाजूचे जोडणी-डबे), अर्थिंग यांची सहसा टंचाई नसते.

सातवी पायरी: तारीख आणि पैशाचे टप्पे

घरगुती अर्ज एमजीव्हीसीएलकडे (मध्य गुजरातच्या वीज कंपनीकडे) गेल्यावर १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासण्याची अट उरलेली नाही, २०२४ च्या नियमांनी ती काढली. त्यामुळे अर्ज, स्ट्रक्चर, अर्थिंग, केबल, इन्व्हर्टरची जागा एवढं सगळं पॅनेल न येताही उरकता येतं. हप्ते तसेच बांधा: बयाणा अर्जाला, दुसरा हप्ता पॅनेल उचलताना आणि तो थेट पॅनेलच्या किमतीएवढा, उरलेलं मीटर लागल्यावर. दुसऱ्या हप्त्याचे पैसे त्याच दिवशी डीलरकडे जातात, मधले दिवस उरतच नाहीत.

ग्राहकाला चालू होण्याची तारीख सांगू नका. 'पॅनेल गोदामात आल्यापासून इतक्या दिवसांत बसवून देऊ' असं लिहा. उशीर होतोय असं दिसलं की त्याने फोन करायच्या आधी तुम्ही करा आणि डीलरचा मेसेज पुढे पाठवा. ताई-दादांना वाट बघायची ना नसते, फोन न उचलणारा माणूस त्यांना नको असतो.

थोडा साठा, तोही वरच्या मजल्यावर

भाव चढणार या अंदाजाने उसने पैसे काढून पॅनेल भरून ठेवणं हा सट्टा आहे. भाव पडतातही, आणि यादी बदलली तर तो माल नेट मीटरच्या कामात बसवताच येत नाही. पक्क्या, बयाणा आलेल्या कामांपुरताच माल धरा. पॅनेल पॅकिंगमध्येच, कंपनीने दाखवलेल्या दिशेने ठेवा आणि त्यावर कुणाला पाय देऊ नका, सेलला तडे जातात ते डोळ्यांना दिसत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं, म्हणून तळमजल्याचं गोदाम स्वस्त मिळालं तरी पावसाळ्यात इन्व्हर्टर तिथे ठेवू नये.

एक खर्च मात्र आधीच धरा. योजनेत वेंडरवर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. आज बसवलेलं मॉडेल तीन वर्षांनी बाजारात असेल याची खात्री नाही, आणि दगडाने किंवा वानराने एक पॅनेल फुटलं तर त्याच करंटचं, त्याच मापाचं, यादीतलं दुसरं शोधावं लागतं. म्हणून एकाच मॉडेलची दहा-बारा कामं झाली की त्यातलं एक पॅनेल सुटं राखून ठेवा. त्याचा खर्च त्या सगळ्या कामांत वाटला तर प्रत्येक घरामागे चिल्लर येतो. त्यावर मॉडेल, खरेदीची तारीख आणि ज्या घरांसाठी राखलंय त्यांची नावं मार्करने लिहून ठेवा, आणि सीरियल नंबर बिलाच्याच फाइलमध्ये लावा.